बोटभर बुटका बासरीवाला

मी एक जुना बासरीवाला आहे, चिनी मातीचा, वीतभर उंचीचा. आणि मित्रांनो, झाकून काय उपयोग, मी नक्कल आहे.

माझ्या शंभर वर्षं आधी परदेशातल्या एका कारखान्यात अस्सल बासरीवाला घडला. पुढे एका फ्रेंच कारागिराने त्याच्यावरून प्लास्टरचा साचा घेतला आणि त्यातून आम्हां भावंडांना काढलं. भट्टीत माती आकसते, त्यामुळे आम्ही सगळे बोटभर बुटके निघालो. बुडाला मात्र त्या जुन्या कारखान्याची निळी खूण रंगवली. चेहरा उसना, सहीही उसनी.

हात बदलत बदलत मी आणि माझा एक भाऊ एका बाईंच्या घरी आलो. "दोघांतला एक अस्सल आहे," असं त्या पाहुण्यांना ऐटीत सांगत. कोणता, ते न सांगताच वारल्या. थोरल्या मुलीने मला उचललं, कारण माझ्या पायाला बारीक तडा होता. तडा म्हणजे म्हातारपण, असा तिचा हिशेब. धाकटी म्हणाली, "घे ताई. चांगलं ते नेहमी तुझंच." त्यावर आठ वर्षं दोघींत अबोला.

ताईंच्या काचेच्या कपाटात मी कुलूपबंद. कौतुक रोज, पुसणं वर्षातून एकदा. अशाच एका पुसण्यात त्यांनी मला हाताला धरून उचललं आणि हात त्यांच्या मुठीतच राहिला, तोही तुकडे तुकडे होऊन.

डागडुजी करणारे काका म्हणाले, "नवा हात करायला जोडीदाराच्या हाताचा साचा लागेल. तो कुठे आहे?"

ताईंनी जुनी वही काढून नंबर शोधला. मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

धाकटी भावाला टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. काकांनी आम्हांला शेजारी उभं करून पट्टी लावली. "खरा मी दुरुस्त केलाय. तो यांच्यापेक्षा बोटभर उंच असतो. या दोन्ही नकला."

"म्हणजे आठ वर्षं..." ताई म्हणाल्या.

"खोट्यापायी भांडलीस."

"आणि तू गं?"

"मीही." धाकटीने नाक पुसलं. "काका, हात बसला की दोघांना एकाच खोक्यात बांधा."

"कुणाकडे पाठवू?"

"ते आम्ही भांडून ठरवू," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना उचलताना दोन्ही हात बुडाखाली घाला. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, आणि जरा वरचेवर. अस्सल की नक्कल हे ठरवायला पट्टी लागते. फुटायला दोघांनाही एकच धक्का पुरतो.