सूर्यफुलांच्या टोप्या

बाबा शिंपी. परसातली सूर्यफुलं उमलली तशी त्यांनी दुकानात उरलेल्या जाड कापडाच्या टोप्या शिवल्या आणि एकेका फुलाला घातल्या. "आता पाखरांची काय बिशाद!" म्हणाले. मी परगावच्या नोकरीचं नाव काढलं की हाच माणूस "जग वाईट आहे" म्हणून मशीन जोरात चालवायचा. मी आपली धुमसत झाडांना पाणी घालायचे.

शेवटच्या फुलाला कापड पुरलं नाही. ते बिचारं उघडंच राहिलं.

फुलं पाठीमागून पिवळी पडून वाळली, तेव्हा आम्ही ती कापली. टोपीतल्या फुलांच्या बिया दिसायला छान, पण दाताखाली धरल्या तर सगळ्या पोकळ. उघडं फूल पाखरांनी निम्मं फस्त केलं होतं. उरलेली एकूण एक बी मात्र भरलेली.

"मधमाशी शिरणार कुठून?" मी फणकारले. "तुमच्या टोपीतून?"

बाबा बराच वेळ पोकळ टरफलं चघळत बसले. मग उठले, मशीनवरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुझ्या मोठ्या बॅगेची चेन तुटलीय ना? आण इकडे."