घराला चिकटलेलं गॅरेज

माझा भाऊ थर्मन शिकागो सोडून ह्यूस्टनला गेला तो लुवेनियाच्या दम्यापायी. बाकीची सगळी कारणं त्याने तिथे पोचल्यावर शोधून काढली.

लुवेनिया म्हणजे त्याची बायको. आमच्या इथल्या थंडीत तिचा श्वास अडकायचा. जानेवारीत सरोवराकडून वारा सुटला की ती तोंडावर मफलर दाबून भिंतीला टेकायची आणि तिचे ओठ निळे पडायचे. शेवटच्या हिवाळ्यात अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची पाळी आली. डॉक्टर म्हणाले, हिला उबदार गावी न्या, नाहीतर एखाद्या हिवाळ्यात ही हाती लागायची नाही. बर्फ वितळायच्या आत थर्मनने घर विकलं आणि ट्रकमध्ये सामान भरलं. माझा एकुलता एक धाकटा भाऊ चालला होता, मला रडू येत होतं, पण अडवणार कोणत्या तोंडाने?

नुसता जाऊन गप्प राहिला असता तर तो थर्मन कसला. दर रविवारी चर्चमधून घरी आल्यावर त्याचा फोन यायचा आणि आमची जुंपायची.

"काय डोरी, अजून बर्फच उपसताय का?" अशी सुरुवात. मग तो आमच्या खुर्च्यांवर घसरायचा. आमच्याकडे रस्त्यावर गाडी लावण्यापुरता बर्फ ज्याने उपसला, त्याने तिथे मोडकी खुर्ची ठेवायची. मग ती जागा त्याची. थर्मनने स्वतः जन्मभर ठेवली होती. आता मात्र म्हणायचा, रस्त्यावर खुर्च्या मांडून पहारा देणारी तुम्ही माणसं, तुमच्याशी काय बोलायचं.

"तुमच्याकडे खुर्ची मांडायची सोय तरी आहे का?" मी म्हणायची. "पुरात वाहून जाईल."

मी तीस वर्षं शहराची बस चालवली, त्यामुळे माझा मुख्य मुद्दा ठरलेला. इथे म्हातारं माणूस चालत जाऊन दूध आणतं, बसने डॉक्टरकडे जातं. तिथे गाडी बंद पडली की माणूसच बंद पडतं, आणि पायी निघावं तर फूटपाथ नाही. यावर तो आपल्या चार खोल्या आणि मागची लिंबाची झाडं पुढे करायचा. मी आमच्या विटांच्या भिंती, तळघर आणि रात्रभर सुसकारे टाकणारे लोखंडी हीटर पुढे करायची. तो म्हणायचा, तुमचा घरपट्टीचा कागद पाहिला की तुमच्या मेयरचा आशीर्वाद कळतो. मी म्हणायची, तुमचे डास आधी आवरा, मग बोला.

शेवटी मात्र तो हुकमाचं पान टाकायचा. त्यांच्या घराला गॅरेज चिकटलेलं होतं.

"लुवेनियाला बाहेरच्या हवेत पाऊलसुद्धा टाकावं लागत नाही, डोरी. गाडीतून उतरली की थेट स्वयंपाकघरात. मध्ये फक्त एक दार."

आमच्या भागात सगळ्यांची गॅरेजं अंगणापलीकडे, मागच्या बोळात. हिवाळ्यात तिथवर जायचं म्हणजे निसरड्यावरून जीव मुठीत धरून जायचं. आणि लुवेनिया तिथे खरोखरच सुधारली होती. पुन्हा चर्चमध्ये गाऊ लागली होती. फोनवर मागून तिचं हसू ऐकू आलं की मी मनातल्या मनात ह्यूस्टनला एक गुण देऊन टाकायची. थर्मनला तसं कधी म्हणाले नाही.

मग तो फेब्रुवारी आला. आमची थंडी खाली टेक्सासमध्ये, थेट ह्यूस्टनपर्यंत उतरली. ताडाच्या झाडांवर बर्फ, नळ गोठलेले आणि वीज गायब. त्यांच्या घरातली सगळी ऊब विजेवरची. दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मनचा फोन आला.

"थंडी कसली ही, आपण याला मार्च म्हणायचो," तो म्हणाला. पण त्याच्यामागे लुवेनिया खोकत होती, आणि तो खोकला मी ओळखत होते. म्हणाला, घरात तोंडातून वाफ निघतेय. तुमच्या भिंती पुठ्ठ्याच्या, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. लुवेनियाच्या भाचीकडे वीज होती, तिथे तो तिला नेणार होता.

"रस्त्यावर बर्फ आहे ना रे?"

"इथल्या लोकांना चालवता येत नाही. मला येतं. गाडी तापत ठेवलीये. तोवर हिला कोट घालून स्वयंपाकघरात बसवलंय."

"नीट तापू दे," मी म्हणाले. "गार सीटवर नको बसवू तिला."

यात आम्हा दोघांनाही काही खटकलं नाही. आमचे वडील हेच करायचे. गॅरेजचं दार वर सारायचं, गाडी सुरू करायची, घरात परत येऊन कॉफी प्यायची. कप रिकामा होईतो गाडी तापलेली. प्रत्येक हिवाळ्यात, रोज सकाळी. त्या गाडीच्या आणि कॉफीच्या मध्ये एक अख्खं अंगण असतं, हे कोणी कधी मोजलंच नव्हतं.

थर्मनने गॅरेजचं दार हाताने अर्धंच उचललं होतं, गार वारा घरात शिरू नये म्हणून. वारा समोरूनच होता. त्याने गाडीचा सगळा विषारी धूर आत रेटला, स्वयंपाकघराच्या दाराखालून.

शेजारचा माणूस पिण्याचं पाणी मिळतंय का बघायला आला तेव्हा गाडी चालूच होती. थर्मन जमिनीवर पडला होता. तो वाचला. लुवेनिया खुर्चीत होती, कोटाची बटणं लावलेली, पर्स मांडीवर. तिच्या फुप्फुसांत मुळातच झुंजायची ताकद नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. ते आम्हाला माहीत होतं. त्यासाठीच तर सगळा खटाटोप केला होता.

तिला आम्ही इथे शिकागोला आणून पुरलं, तिच्या आईशेजारी. जमीन इतकी गोठली होती की यंत्राने फोडावी लागली. थर्मन माझ्याकडे राहिला. जेवायला वाढलं की जेवायचा, विचारलं की हो-नाही म्हणायचा.

एका सकाळी त्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मी बूट चढवले, अंगण ओलांडून गाडी सुरू केली आणि पाय आपटत परत आले. तो खिडकीशी उभा होता. काचेतून बोळाकडे बघत होता. तिथे गॅरेजच्या उघड्या दारातून पांढरा धूर निघून वर जात होता.

"मध्ये अंगण आहे," तो म्हणाला.

"हो रे."

"चांगलं आहे, डोरी. इथलं हे चांगलं आहे."

इतक्या वर्षांत त्याने शिकागोला दिलेला तो पहिला गुण. मला तो नको होता. मी त्याच्या हातात कॉफी दिली. तो ती प्यायला नाही, कप धरून तसाच गाडी तापेपर्यंत उभा राहिला.