खाल्लेली ओळ

मी जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं रिवायंडिंग करतो आणि गल्लीला हवामान सांगतो. पहिल्यावर पोट चालतं, दुसऱ्यावर छाती फुगते.

रोज सकाळी हवामान खात्याचा अंदाज वाचायचा, आपल्या बोलीत बोलायचा आणि मोबाईलवर गल्लीच्या ग्रुपवर आवाज टाकायचा. चारशे माणसं ऐकतात. खात्याची भाषा मला कधीच पटली नाही. तुरळक काय, शक्यता काय, काही ठिकाणी काय! अरे, पडणार का न्हाय ते सांगा की! असलं सगळं मी गाळायचो. लोकांना ठाम माणूस लागतो आणि मला लोक लागायचे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यातला अंदाज असा होता: पाच दिवस पारा चौतिशीच्या आत, आभाळ थोडं ढगाळ, वारा मंद. खाली एक ओळ होती, दुपारनंतर एक-दोन ठिकाणी विजांसह पावसाची शक्यता. ती मी खाल्ली. "ऊन मऊ हाय, पाऊस न्हाय, वाळवणं बिनघोर टाका," असं बोललो आणि चहाला गेलो.

गल्लीच्या टोकाला झुंबरबाई राहते. अकरा घरांना वर्षाची चटणी करून देते. मिरची ज्या त्या घरची. गच्चीवर अकरा जुनी लुगडी पसरायची, प्रत्येकावर एका घरची मिरची आणि कडेला त्या घराची खूण, कुठं वाटी, कुठं फुटका कंगवा. एकीची मिरची दुसरीच्या चटणीत गेली नाही, बावीस वर्षांत एकदाही नाही. तिचं नाव होतं ते त्याच्यावरच. ढगाळ दिवसाला ती मिरची टाकत नाही. त्या दिवशी माझा आवाज ऐकून टाकली आणि सून वर्षाराणीला घेऊन मसाला भाजून घ्यायला डंकावर, कुटायच्या गिरणीत, गेली.

साडेतीनला हातकणंगल्याच्या अंगानं आभाळ काळं झालं. मी दुकानाच्या दारात होतो. तिची गच्ची शंभर पावलांवर. पळायला पाहिजे होतं. मी मोबाईल काढला. सकाळचा आवाज सगळ्यांच्या मोबाईलवरनं पुसला आणि नवा टाकला, "सावधान, वळीव येतोय, वाळवणं आत घ्या." वेळ पडली तीन चौतीस. पाऊस आला तीन एक्केचाळीसला. सात मिनिटं होती माझ्याकडं. ती मी माझी अब्रू झाकण्यात घालवली.

संध्याकाळी गच्चीच्या पन्हाळीतनं गल्लीत लाल पाणी उतरत होतं. अकरा घरांची मिरची एका कोपऱ्यात ढीग होऊन पडलेली, वाट्या पालथ्या. अकरा घरांतल्या बायका जमल्या होत्या, त्यांतली तानाबाई तोंड सोडून उभी होती.

"झुंबरे, ह्या केरबानं सांगितलंवतं की! मोबाईल बघाय काय झालंतं?"

"सकाळी पाऊस न्हाय म्हणालावता त्यो," वर्षाराणी म्हणाली.

"दाव की मग!"

वर्षाराणीनं मोबाईल पुढं केला. तिथं 'मेसेज डिलीट केला' एवढंच होतं. सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या.

"आवाज खरखरत होता," मी म्हणालो, "म्हणून काढला."

झुंबरबाईनं माझ्याकडं बघितलं, अगदी सावकाश. मग तानाबाईला म्हणाली, "आमचंच ध्यान न्हवतं बाई."

"म्हातारी झालीस तू. आमचं आमी बघतो आता."

तीन दिवसांत सात घरं तिच्या हातनं गेली. मी दुकानाला मागच्या बोळातनं जायला लागलो. चोर तरी रात्रीचा लपतो, मी भर उन्हात लपत होतो.

चौथ्या दिवशी झुंबरबाईच दुकानात आली.

"केरबा, उद्या ऊन हाय?"

"का, आक्का?"

"चार घरं ऱ्हायल्यात. नवी मिरची आणल्या."

मोबाईलवर अंदाज उघडाच होता. तोच पारा, तेच ढग आणि खाली तीच ओळ. मी पहिल्यांदा सगळं वाचून दाखवलं, शक्यतेसकट.

"ही ओळ त्या दिवशी पण होती, आक्का. मी सांगितली न्हाय. आणि नंतर पुसलं ते..."

"ठावं हाय."

"कसं?"

"तुझा सकाळचा आवाज तीन येळा ऐकलावता मी. खरखर कुठली आलीया त्यात?"

"मग तिथंच का बोलला न्हाईसा?"

"तू बोलतूस का बघत हुते." तिनं पदर खोचला. "आणि आता मला सांगून काय उपेग? मी तानाबाई हाय व्हय?"

मी तिच्यासमोरच ग्रुपवर आवाज टाकला. पावसाची ओळ मी खाल्ली, खरखर खोटी होती, झुंबरआक्काची चूक नव्हती. सगळं बोललो. चारशे माणसांतनं उत्तर एकच आलं, तानाबाईचं: "बरं. आमची चटणी झाली कुटून."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि तिच्या गच्चीवर जाऊन बसलो, चार लुगड्यांच्या मधोमध.

"खुणा हलवू नगंस," एवढंच म्हणून ती खाली गेली.

दिवसभर हातकणंगल्याच्या बाजूला बघत होतो. ढग आले आणि गेले. पाऊस आला नाही. आला असता तर निदान चार लुगडी तरी उचलली असती.