बाबांचे अंगठे

इंग्रजी वक्तृत्वात पहिली आल्यापासून सुरुचीला कसली म्हणून भीती वाटेनाशी झाली होती. बाबांनी कंपनीचा फॉर्म पुढे ठेवला आणि दहा मिनिटांत तिने त्यांच्या कामाचं वर्णन इंग्रजीत झोकात लिहून टाकलं.

फॉर्म साधा नव्हता. बाबा हाताने कापूस तपासायचे; आता त्याचं मशीन येणार होतं. मशीनपाशी दोन जाणकार राहणार, बाकीच्यांनी गोदामात कापसाच्या जड गासड्या उचलायच्या. जाणकार कोण, ते साहेब फॉर्म वाचून ठरवणार होते. आणि गुणाजींची, म्हणजे बाबांची, कंबर आता गासडी पेलणारी राहिली नव्हती.

"मराठीत सांग बघू," बाबा म्हणाले.

"विख्यात कंपनीच्या भव्य गोदामात अत्यंत निष्ठेने कापसाची देखभाल…"

"ह्याच्यात माझे अंगठे खंय?"

"अंगठे कशाला? सही येते की तुम्हाला."

"चल उद्या माझ्यावांगडा."

कॉटन ग्रीनला बाबांच्या कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर एकही दिवा लागलेला नव्हता, तरी खोली उजेडाने भरली होती. छताच्या तिरक्या काचा फक्त उत्तरेला. ऊन आत येतच नाही, त्यामुळे कापसाचा रंग दिवसभर फसवत नाही. बाबांनी एक पुंजका उचलला, दोन अंगठ्यांत धरून ओढला, जुळवला, पुन्हा ओढला. शेवटी काळ्या फडक्यावर रेशमासारखी बारीक लड उरली.

"अठ्ठावीस मिलिमीटर," बाबांनी तंतूची लांबी सांगितली.

"लाव पट्टी, पोरी," शेजारच्या टेबलावरून मालनमावशी म्हणाल्या. "मीपण लावली होती पहिल्या दिवशी. तोंडावर पडले."

अठ्ठावीस. पुढचा एकतीस. सुरुचीने सात वेळा पट्टी लावली, मग ती खाली ठेवून दिली. याच अंगठ्यांनी बाबा तिच्या डोक्याला तेल चोळायचे आणि खरखरतं म्हणून ती पळून जायची.

तिथेच स्टुलावर बसून तिने फॉर्म नव्याने लिहिला. काचा कुठल्या दिशेला आणि का. अंगठे काय करतात. सात नमुने, सातही बरोबर. भव्यबिव्य काही सुचलंच नाही.

मंगळवारी बाबा घरी आले, चपला काढल्या, पाणी प्यायले.

"साहेबांनी वाचलं. काय विचारलं नाही. पुंजका पुढे ठेवला आणि खिशातून पट्टी काढली."

"मग?"

"मी म्हटलं तीस. तीस भरला. सोमवारपासून मशीनपाशी."

सुरुची तेलाची बाटली घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात पाठ करून बसली.