ओट्यावरचा चिखल

संग्रहालयाच्या पहिल्या मजल्यावर, पूर्वी जिथे जुनी नाणी ठेवलेली असत त्या दालनात, आता सासूबाईंचं स्वयंपाकघर मांडलं होतं. ओटा, कपाट, मोडकं स्टूल, भिंतीवरची फळी, सगळं जसंच्या तसं, पुराच्या चिखलासकट. बाहेर पाटी होती: ‘थांबलेलं पाणी’. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ही कलाकृती अनुपस्थितीशी संवाद साधते. ते वाक्य जावयाचं. तो संग्रहालयाचा प्रसिद्धी अधिकारी. अशी वाक्यं पाडणं हाच त्याचा धंदा. पण या गोष्टीत त्याचं नातं सारखं हुद्द्याच्या आड येतं, तेव्हा आपण त्याला जावईच म्हणू.

स्वयंपाकघर मिळवून देणाराही तोच. पूर ओसरल्यावर सगळ्यांनी आपापली घरं धुऊन काढली; सासऱ्यांनी मात्र ते एक दार लावून घेतलं, ते उघडलंच नाही. पाणी आत शिरलं तेव्हा ते गच्चीवरून हाका मारत होते आणि सासूबाई खालून म्हणत होत्या, “आले, एवढे डबे वर ठेवते.” त्या आल्या नाहीत. सासरे लेकीकडे राहायला आले. पुढे संग्रहालयाला पुरावर काहीतरी करावंसं वाटलं, त्यासाठी बोलावलेल्या कलाकारबाईंना एक ‘अस्पर्शित’ खोली हवी होती, आणि जावयाच्या तोंडून निघून गेलं की आमच्याकडे आहे.

“बाबांना विचार, मला विचारू नकोस,” बायको म्हणाली.

“न्या,” बाबा म्हणाले.

दोघांच्याही होकारात होकार नव्हता, हे जावयाला ऐकू आलं होतं. पण कामाच्या गडबडीत माणूस सोयीचं तेवढंच ऐकतो.

उद्घाटनाला सासरे फिरकले नाहीत. पुढच्या आठवड्यात एका सकाळी रखवालदाराचा फोन आला. “साहेब, एक आजोबा दोरी ओलांडून आत गेलेत. ओटा पुसतायत. म्हणतात, जावयाला बोलवा.”

जावई धावत गेला. सासरे बाह्या सारून, घरून आणलेल्या बादलीत फडका पिळत होते.

“बाबा, अहो, हे काय करताय?”

“दिसत नाही? पुसतोय.”

“पण ही कलाकृती आहे.”

“असेल. तिकीट काढून माणसं येतात ना इथे? कुणी पाहुणे येणार म्हटलं की ती आदल्या दिवशी फळीखालची जळमटं काढायची. तुम्ही अख्ख्या शहराला तिचा घाण ओटा दाखवताय, जावईबापू. तिला चाललं असतं?”

जावयातल्या प्रसिद्धी अधिकाऱ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याची ही वेळ नव्हती.

शिवाय त्याला एक गोष्ट ठाऊक होती. चिखल वाळून झडायला लागला, म्हणून कलाकारबाईंनी त्यावर बिनरंगी वार्निशचे हात मारून घेतले होते. “आता हा शंभर वर्षं हलायचा नाही,” त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या. “थिनर ओतलं तरच. आणि थिनर कोण ओतणार आहे?”

हे सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात कलाकारबाई आणि संचालक मागे येऊन उभे राहिले. बाईंचे डोळे भरून आले होते. संचालकांचेही आले असते, पण ते प्रेक्षक मोजत होते.

“यांना थांबवू नका,” बाई हळूच म्हणाल्या. “कलाकृती याचीच वाट बघत होती.”

“रोज येतील का?” संचालकांनी विचारलं, म्हातारा जणू जावयाच्या खिशात असल्यासारखं. मग आवाज उतरवून म्हणाले, “वार्निशचं काही बोलू नका. उगाच वाईट वाटेल बिचाऱ्यांना.”

सासऱ्यांना आत जायची मुभा आणि एक नवा फडका मिळाला. वर्तमानपत्रांत फोटो आले. लोक रांगा लावून रडायला येऊ लागले. सासरे कुणाकडे बघत नसत. संध्याकाळी तेवढे बादलीत डोकावत. पाणी सकाळी नळातून आलं तसंच, नितळ.

“आज काही निघालं नाही,” घरी येताना ते जावयाला म्हणत. “मुरलेला चिखल आहे. वेळ लागायचाच.” आणि जेवण अर्धं टाकून उठत.

हे बघवेना, म्हणून जावयाने एक काम केलं. इथे एखाद्या शहाण्या माणसाने खरं सांगून टाकलं असतं. जावयाला धंद्याच्या सवयीने दुसरंच सुचलं. सासरे चहाला बाहेर गेले असताना त्याने संग्रहालयाच्या बागेतली मूठभर माती आणून बादलीत ढवळली.

त्या दिवशी सासऱ्यांनी मागून वाढून घेतलं. “निघतोय,” ते लेकीला म्हणाले. “कोपऱ्यातला सुटायला लागलाय.”

लेकीने आजवर त्या दालनाचं नावही काढलं नव्हतं. ती म्हणाली, “उद्या मी येते. दोघांनी केलं तर लवकर होईल.”

जावयाला ठसका लागला. पाणी कुणी दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याची ओळख न सांगता रांगेत उभी राहून आली, दोरी ओलांडली, ओढणी खोचली आणि बापाच्या शेजारी घासायला लागली. प्रेक्षकांत हुंदके सुरू झाले. जावई त्यांच्यातच उभा होता. सकाळी सासरे चहाला गेले तेव्हा त्याने पुन्हा माती टाकली होती. आज घरचं माणूस येणार म्हणून जरा जास्तच.

तिने फडका बुडवला, पिळला, थांबली. गढूळ पाण्यात बोटं घालून तिने कागदाचा एक लगदा बाहेर काढला आणि तळहातावर उलगडला. फाटकं तिकीट. वर संग्रहालयाचा शिक्का.

“आईच्या ओट्यावर तुमच्या संग्रहालयाचं तिकीट कुठून आलं?”

बघायला येणारे लोक बाहेर पडताना तिकिटं बागेतच टाकतात, याची जावयाला आत्ता आठवण झाली. तो दोरी ओलांडून आत गेला.

“बाबा, चिखल निघत नाहीये. त्याच्यावर वार्निश आहे. पाण्याने तो कधीच निघणार नाही. माती मी टाकत होतो.”

सासऱ्यांनी फडक्याची घडी घातली.

“वार्निशचं कधीपासून माहीत होतं?”

“तुम्ही यायच्या आधीपासून.”

“आणि मी रोज तुम्हालाच सांगत होतो, आज काही निघालं नाही म्हणून.”

“हो.”

चुकून आपल्याकडे आलेली दुसऱ्याची वस्तू परत करावी, तसं बायकोने ते तिकीट त्याच्या हातात ठेवलं.

“कशाने निघतो?” सासऱ्यांनी विचारलं.

“थिनरने.”

“आहे?”

“खाली, रंगाच्या खोलीत.”

“मग उभे काय राहिलात?”

डबा घेऊन परत येताना जिन्यात संचालक भेटले. डबा बघून ते म्हणाले, “हे घेऊन वर गेलात, तर उद्यापासून यायची तसदी घेऊ नका.” असल्या वेळी जावयाला एखादं वाक्य हमखास सुचायचं. आज सुचलं नाही. तो वर गेला.

थिनरचा वास सुटला तसे लोक नाकाला रुमाल लावून मागे सरकले. “वाससुद्धा कलाकृतीतलाच आहे का हो?” एका गृहस्थांनी विचारलं.

“मला विचारू नका,” रखवालदार म्हणाला, “मी फक्त दोरी बघतो.”

बराच वेळ काही झालं नाही. मग एक तपकिरी ओघळ सुटला आणि ओट्याची काळी फरशी बोटभर दिसली. कुणालाही आनंद झाल्याचं दिसलं नाही. तिघं घासत राहिले. नवराबायकोच्या मध्ये बापाला उभं राहायला लागलं, आणि तसं उभं राहणं त्यालाही अवघडच जात होतं.

ओट्याची एक कड झाल्यावर जावयाने फडका घेऊन वरच्या फळीकडे हात नेला.

“तिथे नको,” सासरे म्हणाले.

पाणी फळीपर्यंत पोचलं नव्हतं. डबे ओळीने उभे होते, झाकणं घट्ट, चिखलाचा एक ठिपका नाही. फक्त टोकाचा डबा अर्धा फळीबाहेर होता. कलाकारबाईंनी तोही घरात होता नेमका तसाच राखला होता.

“ते डबे तिने वर ठेवलेत.”

जावयाने हात खाली घेतला.