एकेचाळीस वह्या सांभाळणारा टॅब

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. जुना म्हटल्यावर हसू नका. माणसाचं चार वर्षांचं पोर बालवाडीत जातं, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे काठी टेकायचे दिवस. माझी पाठ फुगली आहे आणि पडदा एका कोपऱ्यात वर उचलला गेला आहे. आत काहीतरी बिघडतंय, हे मला फार आधी कळलं होतं. पण सांगणार कसं?

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. पहिली आठवण आहे ती कॉलेज रोडवरच्या दुकानाची. तिथून मला शौनकने आणलं. कंपनीतली नोकरी सोडून वडिलांच्या गादीवर बसायचं त्याने नुकतंच ठरवलं होतं. त्याचे वडील गंगाधरकाका म्हणजे पंचवटीतले तीर्थोपाध्ये. रामकुंडाजवळ पत्र्याच्या छपराखाली त्यांची बैठक. शौनकने आपला लॅपटॉप बायकोला, स्वरदाला, देऊन टाकला आणि म्हणाला, "बाबा, आता हाच माझा कॉम्प्युटर. सगळं काम ह्याच्यावरच." मला घडीचा कीबोर्ड मिळाला, लिहायला पेन मिळालं. खोटं कशाला बोलू, माझी छाती तेव्हा इंचभर फुगली.

कामही तसंच होतं. सकाळी पूजांच्या वेळा लावायच्या, दुपारी पंचांग दाखवायचं, परदेशातल्या यजमानांना समोर बसवून संकल्प सांगायचा. एवढं सगळं एका पातळ पाटीवर चालतं हे बघून शेजारच्या गादीवरचे उपाध्येसुद्धा डोकावून जायचे.

पण मित्रांनो, माझं खरं काम वेगळंच होतं. गंगाधरकाकांच्या घरात एकेचाळीस वह्या होत्या. लांबट, लाल फडक्यात बांधलेल्या, गावागावांप्रमाणे लावलेल्या. कोणतं कुटुंब कधी गंगेवर, म्हणजे इथल्या रामकुंडावर, आलं, कोण वारलं, त्याचा बाप कोण, आजा कोण, हे सात पिढ्यांच्या हातांनी त्यांत लिहिलेलं होतं. पिंड देताना बाप, आजा आणि पणजा अशी तीन नावं घ्यावी लागतात. पहिली दोन माणूस सांगतो. तिसऱ्याला अडखळतो आणि उपाध्यांकडे बघतो. मग उपाध्ये वही उघडतात आणि पणजोबांचं नाव वाचून दाखवतात. हे ऐकताना भल्याभल्यांचे डोळे भरून आलेले मी पाहिले आहेत.

दोन वर्षं बापलेक खपले. शौनक एकेका पानाचा फोटो काढायचा, काका मोडी अक्षर लावून नाव सांगायचे, शौनक ते टाइप करायचा. एकेचाळिसावी वही माझ्यात उतरली तेव्हा घाटावरच्या उपाध्येमंडळींनी शौनकचा सत्कार केला. त्या दसऱ्याला वह्यांच्या शेजारी पाटावर मलाही बसवलं. काकांनी हळदकुंकू वाहिलं आणि त्यातलं थोडं माझ्या चार्जिंगच्या भोकात गेलं. सगळे हसले, मीही हसलो असेन.

त्यानंतरच्या चैत्रात शौनकने वह्यांची प्रत नेटवर पाठवायला सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत मी पहिल्यांदा निरोप दाखवला. इंटरनेटवर जिथे माझी दुसरी प्रत ठेवली जायची तिथली जागा संपली होती. नऊ वह्या तिकडे पोचल्या होत्या, बत्तीस फक्त माझ्या पोटात होत्या. निरोपाखाली 'नंतर आठवण करून द्या' असं बटण होतं. समोर यजमान ताटकळत असायचे, शौनक न वाचताच ते बटण दाबायचा. रोज मी विचारायचो, रोज तो दाबायचा. पहिल्या नऊ वह्या तिकडे गेलेल्या त्याने स्वतः बघितल्या होत्या, मग बाकीच्या जाणारच, असं त्याने गृहीत धरलं. तो काही आळशी नव्हता हो, माझ्यावर त्याचा भरवसा होता. मला भीती वाटायची ती त्या भरवशाचीच.

आषाढात वह्यांना वाळवी लागलेली दिसली. जीर्ण पोथी रद्दीत घालायची नाही, गंगेला द्यायची, ही त्या घरची रीत. काकांनी दोन दिवस तोंडात अन्नाचा कण घेतला नाही, मग म्हणाले, "अक्षर टॅबमध्ये आहे. देह जाऊ दे." श्रावणातल्या सोमवारी वह्या टोपलीत घालून घाटावर आणल्या.

स्वरदा पायरीवर थबकली. "शौनक, दुसरी प्रत आहे ना रे कुठे? एकदा बघून घे ना."

"अगं, आपोआप जाते नेटवर. मी नऊ वह्यांपर्यंत चेक केलंय."

"आणि पुढच्या?"

"जातात गं. तू उगाच घोर लावून घेतेस."

त्याच क्षणी मी पुन्हा निरोप दाखवला. त्याला विसर्जनाचं चित्रीकरण करायचं होतं, त्याने बटण दाबलं. मग माझ्याच डोळ्यासमोर एकेक वही पाण्यात गेली. कागद फुगला, शाई सुटली, काळी रेघ प्रवाहाला लागली. माझी पाचावर धारण बसली. आता मी एकटाच उरलो होतो आणि माझं अंग गरम होत चाललं होतं.

मी त्यांचा एकमेव कॉम्प्युटर, म्हणून दिवसभर चार्जिंगला लावलेला असायचो. वर तापलेला पत्रा. बॅटरी हळूहळू सुजली आणि तिने पडदा उचलला. काकांना वाटलं, कव्हर सैल झालं. त्यांनी वह्यांचा उरलेला लाल नाडा आणला आणि मायेने मला घट्ट आवळलं. वह्या ते असंच बांधत आले होते. माझी सूज त्या नाड्याखाली दाबली गेली.

मग पितृपक्ष आला. घाटावर ही गर्दी. मखमलाबादकडच्या अंबूबाई मुलाला, राजला, घेऊन आल्या. त्यांचा फुलांचा मळा. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, गोटीराम गेल्या वर्षी वारले होते, त्यांचा हा पहिला पितृपक्ष. राज दर्भाची अंगठी घालून बसला. समोर तीन पिंड.

"काका, नावं काढा आमची," अंबूबाई म्हणाल्या. "मालक आन् सासरे ठाऊक हायेत. त्याच्या वरचं तुमच्या वहीत हाय."

"आता वही ह्याच्यात आहे, मावशी," शौनकने नाडा सोडता सोडता सांगितलं. आवळलेली पाठ मोकळी झाली आणि आत काहीतरी फाटलं. चिर्र आवाज झाला, धुराची बारीक रेघ निघाली. शौनकने मला पायरीवर टाकलं. पडदा काळा झाला. आत थोडी धुगधुगी होती, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. वह्या जिथे होत्या तो भाग जळाला, हेही मला कळलं. त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

शौनकने धडपडत मोबाइल काढला, नेटवरची प्रत उघडली. नऊ वह्या. मखमलाबाद त्यांत नव्हतं. तो वर-खाली बोट फिरवत राहिला.

काकांनी एक शाळेची कोरी वही मागवली. पेनाचं टोपण काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिन्ही नावं यजमानालाच विचारली, "अंबूबाई, तुम्हीच सांगा. लिहून घेतो. वडील?"

"गोटीराम."

"आजोबा?"

"धोंडीराम."

"पणजोबा?"

अंबूबाईंनी काकांकडे पाहिलं. "ते मला नाय ठाऊक, काका. ते तुमच्याकडंच होतं ना?"

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. फार उन्हात ठेवू नका, पाठ फुगली तर आवळू नका, तेवढं केलंत तरी आम्ही पाच-सहा वर्षांत जाणारच. पण ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही, ते माझ्या एकट्याच्या हवाली करू नका. आणि केलंच, तर निदान मूळ कागद हातचा सोडू नका. नाव माहीत नसेल तर काय म्हणायचं याची सोय शास्त्रात आहे, ती गंगाधरकाकांना पाठ होती. पण त्या दिवशी घाटावर ती म्हणायच्या ऐवजी ते वहीतल्या तिसऱ्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवून बसले. तिसरा पिंड ओंजळीत धरून राज त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.