गुरुजींच्या हॉलमधला पखवाज

धम्मदीप बाजारातून आला आणि त्यांच्या रेडिओ-स्पीकर दुरुस्तीच्या दुकानातल्या स्टुलावर मान खाली घालून बसला. बहिणीनं, सपनानं, दोनदा विचारलं तेव्हा कुठं तोंड उघडलं. किसनराव गुरुजींनी त्याला हॉटेलासमोर, भरल्या बाजारात झापलं होतं.

"म्हणाले, शाळेतबी तुला ऐकू येत नव्हतं, अन् आता आवाजाचा धंदा करून राहिला! मशीन बिघडवलं माझं."

गुरुजींनी रिटायर झाल्यावर भजनं ऐकायला नांदेडहून होम थिएटर आणलं होतं. पाच छोटे स्पीकर आणि खर्जाचे जाड सूर वाजवणारा सबवूफरचा एक जड डबा. धम्मदीपनंच ते हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या त्यांच्या घरी बसवून दिलं. डबा कोपऱ्यात ठेवू नका, असं त्यानं बजावलंही होतं. पण गुरुजींना तो कोपऱ्यातच शोभत होता.

"मंग हे तिथंच काहून न्हाई सांगितलंस?"

"गुरुजी हायेत, सपना."

तिचं डोकंच फिरलं. या गुरुजींनी तिलाही शिकवलं होतं. ती हिंगोलीला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स करायला निघाली, तेव्हा "पोरीच्या जातीला हे कशाला" असं घरी येऊन सांगणारेही तेच. तिनं पायात चप्पल सरकवली आणि तरातरा त्यांचं घर गाठलं.

गुरुजी हॉलमध्ये खुर्चीतच होते. तिला पाहताच त्यांनी भजन लावलं. पखवाजाचा एक ठोका असा घुमला की शोकेसमधल्या कपबशा थरथरल्या. पुढचे दोन ठोके मात्र ऐकूच आले नाहीत.

"ऐकलंस? बिघडलाय डबा."

"डबा चांगला हाय. कोपऱ्यात दोन भिंती मिळून त्याचा आवाज फुगवतात. वरून तुमची खोली चौरस. एक सूर दुप्पट होतो, दुसरा मरतो."

"तू मला शिकवतीस?"

सपना पुढं झाली. गुरुजींना उठवलं, सबवूफर उचलला आणि त्यांच्याच खुर्चीवर ठेवला. "आता तेच भजन लावा अन् भिंतीच्या कडंकडंनं रांगत, डबा असतो तितका खाली कान ठेवून ऐका. जिथं सगळे ठोके सारखे येतील तिथं डबा ठेवायचा, मंग खुर्चीत बसूनबी तसंच ऐकू येईल."

"मी रांगू? तू रांग."

"मी रांगले तर म्हणाल, पोरगी थापा मारती. घर तुमचं, कान तुमचे. तुमीच ऐका."

गुरुजींच्या बायकोनं, सिंधूबाईंनी, तोंडाला पदर लावला. गुरुजींचा चेहरा लालबुंद झाला. सपना दारात हाताची घडी घालून उभी राहिली, हलेना. शेवटी धोतर सावरत गुरुजी गुडघ्यांवर टेकले.

कोपऱ्यात ठोका इतका घुमला की त्यांनी डोकं मागं घेतलं. भिंतीच्या मध्यावर आवाज बसल्यासारखा झाला. दाराच्या अलीकडं दोन हातांवर ते थांबले. पुन्हा मागं सरकले, पुन्हा तिथंच आले.

"इथं... इथं बराबर वाजतंय."

तिनं डबा तिथं ठेवला. शेवटपर्यंत पिळून ठेवलेला आवाज निम्म्याखाली आणला. डब्यानं कितपत जाड सूर घ्यायचे ते ठरवणारं बटण थोडं मागं घेतलं. गुरुजींना खुर्चीत बसवून डब्याचा ठोका बाकीच्या स्पीकरांशी जुळवणारा मागचा छोटा खटका वरखाली करत विचारलं, "भरीव कुठं वाटतंय?"

"खाली."

खटका खालीच ठेवला. आता ठोक्यामागून ठोका सुटा यायला लागला. "बाई, कुठून येऊन राहिलंय तेच कळंना," सिंधूबाई म्हणाल्या.

"हुशार आहेस पोरी," गुरुजी म्हणाले. या शाबासकीनं तर ती आणखीच पेटली.

"माझ्या भावानं हेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जिथं त्याला बोललात, तिथंच त्याचं बराबर होतं म्हणून सांगा."

"अगं, झालं ते झालं."

"न्हाई झालं!" एवढं बोलून ती निघून आली.

पुढच्या बाजारच्या दिवशी धम्मदीप हसतच दुकानात शिरला. गुरुजींनी हॉटेलासमोर चूक कबूल केली होती. हळू आवाजात, पण चारजणांनी ऐकलं.

"वर म्हणाले, तुझी बहीण लई तोंडाळ हाय."

"अन् तू काय म्हणालास?"

"व्हय म्हणालो."

सपनाच्या हातातली डाग द्यायची तापलेली सोल्डरिंग गन तशीच राहिली. "काहून? मी तुझ्यासाठीच तर तोंड उघडलं."

धम्मदीपचं हसू मावळलं. "तोंडातून निघूनच गेलं. पुढच्या टायमाला न्हाई म्हणीन."

ती उघड्या रेडिओवर वाकली. रागाच्या भरात सोल्डरचा थेंब भलत्याच तारेवर पडला.